फ्रॉकखालच्या बाह्या

‘फ्रॉक वर कर.’

नवरीची मावशी म्हणाली. आवाज चढवलेला नव्हता. कुणाला पाणी आणायला सांगावं, तसं म्हणाली. खोलीत बायकाच बायका होत्या. मधोमध पाटावर नवरी बसली होती, मामाने दिलेली पिवळी साडी नेसून. पुढ्यात पूजेचं ताट. मी दोन्ही मुठींत फ्रॉक घट्ट धरून उभी होते. मला वाटलं, माझ्या ऐकण्यात काहीतरी चूक झाली असणार.

‘ऐकू येत नाही का? वर कर. आत एवढं काय फुगलंय ते बघू दे.’

आत माझ्या बाबांच्या स्वेटरच्या बाह्या होत्या.

हे नीट सांगायला हवं. तेव्हा मी कल्याणच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होते. लग्नसराईत ‘वेलकम गर्ल’ म्हणून जायचे. काम म्हणाल तर सोपं. गेटवर उभं राहायचं, पाहुण्यांवर गुलाबपाणी शिंपडायचं, हाताच्या पंजावर अत्तर लावायचं आणि हसायचं. हसायचं हेच खरं काम, बाकी सगळं निमित्त. कपडे इव्हेंटवाल्या मॅडमचे. त्या वर्षी गुलाबी सॅटिनचा फ्रॉक होता. बाह्या नाहीत, लांबी गुडघ्यापर्यंत. पाहुण्यांना ‘स्टँडर्ड’ वाटलं पाहिजे, असं मॅडमचं म्हणणं.

आणि लग्नं कधी? मार्गशीर्षात. जागा कुठे? कल्याणच्या बाहेर, मुरबाड रस्त्याला, नदीच्या अंगाला जी मोठमोठी लॉन झालीत तिथे. मुंबईकडचे लोक म्हणतात, तुमच्याकडे कसली आलीय थंडी! त्यांना सकाळी त्या लॉनवर बिनबाह्यांचा फ्रॉक घालून उभं करायला पाहिजे. गवत ओलं असतं, नदीवरून वारा येतो, आणि सँडलमधून गारवा थेट हाडात शिरतो. येणारे पाहुणे शाली पांघरून, कोट घालून, म्हाताऱ्या तर कानाला मफलर गुंडाळून. त्यांचं स्वागत करणाऱ्या आम्हीच तेवढ्या उघड्या. अख्ख्या लग्नात थंडी वाजायची परवानगी फक्त आम्हाला होती.

पहिल्या लग्नात माझे दात वाजायला लागले. गुलाबदाणी इतकी थरथरत होती की एका काकांच्या चष्म्यावरच सगळं पाणी. मॅडम जवळ आल्या आणि कानात म्हणाल्या, ‘हसताना दात वाजवू नको गं, व्हिडिओत दिसतं.’ शाल मागितली तर म्हणाल्या, ‘शाल घेतल्यावर फ्रॉक कुणाला दिसणार?’

मग मुलींनीच मला शिकवलं. थंडीत फ्रॉक कसा घालायचा, ही विद्या कुठल्या कॉलेजात मिळत नाही. बाहेरून अंगाच्या रंगाचे लांब मोजे. ते दिसले तरी चालतात, पाय गोरे दिसतात म्हणून मॅडम खूशच. खरी मजा त्यांच्या आत. डोंबिवलीची सोनल भावाचे फुटबॉलचे मोजे चढवायची. दुसरी एकावर एक दोन लेगिंग घालायची. फ्रॉकच्या आत पोटाला ओढणी गुंडाळायची, नाहीतर आईचा जुना परकर गुडघ्यापर्यंत कापून घालायचा. वरून परी, आतून गोधडी, असं सोनल म्हणायची.

माझ्याकडे काहीच नव्हतं. आईने बाबांचा स्वेटर काढला. बाबा डोंबिवलीत एका सोसायटीत वॉचमन आहेत. रात्रपाळीत घालायचा तो चॉकलेटी स्वेटर पाठीवर विरला होता, बाह्या मात्र ठणठणीत होत्या. आईने त्या कापल्या, माझ्या जुन्या लेगिंगला मांडीपाशी शिवून टाकल्या. मी पायात चढवून बघितल्या. काय ऊब होती! बाबा चहा पीत बसले होते, म्हणाले, ‘चला, आपले हात पोरीच्या पायाला लागले.’ आई म्हणाली, ‘आधी नमस्कार करायला लावा तिला.’ आम्ही तिघेही खूप हसलो होतो.

फक्त एक होतं. स्वेटर जाड होता, त्यामुळे माझे पाय सुजल्यासारखे दिसायचे. फ्रॉकही थोडा उचलला जायचा.

ज्या लग्नाचं सांगतेय ते ठाण्याच्या लोकांचं होतं. शिकलेलं घराणं. नवरीची मावशी तिकडच्या कुठल्या कॉलेजात शिकवते, हे मला गेटवरच कळलं, कारण येणारा प्रत्येक जण तिला ‘मॅडम, मॅडम’ करत होता. सगळं लग्न तीच चालवत होती. नवरीची आई नुसती तिच्या मागून फिरत होती.

सकाळीच तिने आम्हा चौघींना निरखलं. मला विचारलं, ‘नाव काय तुझं?’

मी नाव सांगितलं.

‘पूर्ण नाव?’

मी आडनावही सांगितलं. ती ‘हं’ म्हणाली. मग, ‘राहायला कुठे?’

‘ठाकुर्ली.’

‘ठाकुर्लीत कुठे?’

हे प्रश्न मला ओळखता येतात. शाळेपासून ओळखते. जागा विचारतात, पण त्यांना जागा नको असते. बाकी तिघींना तिने फक्त नाव विचारलं आणि पुढे गेली. मी मनात नोंद घेतली. तेव्हापासून मला तिची नजर पाठीवर जाणवत होती. कुणी म्हणेल, तुझ्याच मनात खोट. असेल. पण आपल्या पाठीवर कोण बघतंय, हे आमच्यासारख्यांना मागे न वळता कळतं.

त्या घरात एक बाई मात्र मला आवडली होती. नवरीची मामी. साधी, घाईत नेसलेली साडी, सतत कुणीतरी हाक मारतंय आणि ही पळतेय. दोन्ही नणंदा हुकूम सोडायच्या आणि हिचं ‘हो वन्सं, आणते वन्सं’ चालू. तिनेच आम्हा मुलींना चहा आणून दिला. ‘घे गं पोरी, गारठलीयेस,’ म्हणाली. मग माझ्या पायांकडे बघून हळूच विचारलं, ‘आत काही घातलंयस ना?’

मी सांगितलं. बाबांचा स्वेटर, आईने कापलेल्या बाह्या, सगळं. ती हसली. ‘हुशार गं तुझी आई,’ म्हणाली. मला इतकं बरं वाटलं की मी चहा दोन घोटांतच संपवला.

आम्ही उभ्या होतो त्याच्या शेजारीच रुखवत मांडलं होतं. लांबच्या लांब टेबल, मखमल घातलेलं. साखरेचे लाडू, लोकरीची तोरणं, भरतकाम, आणि मधोमध चांदीच्या वस्तू. त्यात अन्नपूर्णेची छोटी मूर्ती होती. आई मुलीला सासरी जाताना देते ती. बोटाएवढी, हातात पळी घेतलेली. येणाऱ्या बायका ती हातात घेऊन वजन बघायच्या आणि परत ठेवायच्या.

थोड्या वेळाने टेबलापाशी कुजबुज सुरू झाली. मूर्ती जागेवर नव्हती.

मावशी आली. तिने मखमलीखाली बघितलं, लाडवांच्या ताटामागे बघितलं. फोटोग्राफरला विचारलं, डेकोरेशनवाल्याला विचारलं. मग हळूहळू तिची मान आमच्याकडे वळली. सोनलचे पाय काटकुळे. बाकी दोघींचेही तसेच. तिची नजर माझ्या पायांवर येऊन थांबली आणि तिथेच बसली.

‘हिचे पाय बघ,’ ती बहिणीला म्हणाली. ‘बाकी अंगाने किती बारीक आहे, आणि पाय बघ.’

इव्हेंटवाल्या मॅडमना बोलावणं गेलं. मला वाटलं, त्या काहीतरी बोलतील. माझ्या फ्रॉकच्या आत बाह्या आहेत हे त्यांना माहीत होतं, त्यांच्यासमोरच तर मी तयार झाले होते. मॅडमनी आधी मावशीकडे बघितलं, मग माझ्याकडे. म्हणाल्या, ‘जा ना गं, दाखवून टाक. विषय संपेल. कर नाही त्याला डर कशाला?’

ही म्हण कुणी केली असेल? ज्याला कधी कुणासमोर कपडे उचलावे लागले नाहीत, त्यानेच.

मला नवरीच्या खोलीत नेलं. बायकांची अशी ती एकच खोली होती. तिथे नवरी गौरीहर पुजत बसली होती. मुहूर्ताआधी नवरी अन्नपूर्णेपुढे बसते आणि चिमूट चिमूट तांदूळ तिच्यावर वाहत राहते, मामा येऊन मांडवात नेईपर्यंत. ही पूजा मी लग्नांत अनेकदा बघितली होती. मावशीने दारातच सगळ्यांना दटावलं, ‘नवरीला काही सांगू नका, मंगल कार्य आहे. रुखवतातली एक वस्तू मिळत नाहीये, एवढंच.’ आणि मग, मंगल कार्य चालू असताना, त्याच खोलीत, माझ्याकडे वळून ती म्हणाली, ‘फ्रॉक वर कर.’

मी म्हटलं, ‘आत स्वेटर आहे. थंडीसाठी.’

‘स्वेटर? पायात?’ कुणीतरी फिसकन हसलं. मावशी म्हणाली, ‘चोराच्या मनात चांदणं. नसेल काही तर दाखवायला काय जातं?’

मी मामीकडे बघितलं. ती दाराशीच उभी होती, हातात नारळाचं ताट. तिला माहीत होतं. सकाळीच तर मी तिला सगळं सांगितलं होतं. एक वाक्य. ‘वन्सं, तिच्या वडलांचा स्वेटर आहे तो,’ एवढं एक वाक्य तिने म्हणायचं होतं. मी तिच्या तोंडाकडे बघत राहिले. तिने नजर ताटात घातली.

मी फ्रॉक वर केला.

मावशीने स्वतःच्या हाताने चाचपलं. घोट्यापासून वर. बोटं गार होती, अंगठ्या घातलेली. मांडीपाशी आईची शिवण लागली तेव्हा ती थांबली. ‘इथे काहीतरी आहे. काढ.’

‘शिवण आहे ती.’

‘काढ म्हटलं ना!’

मी आधी मोजे काढले. मग लेगिंग. एका पायावर उभी राहून, भिंतीचा आधार घेत, दहा बायकांसमोर. कुणी तोंड फिरवलं नाही. मावशीने बाह्या हातात घेतल्या, उलट्या केल्या, झटकल्या. नाकाजवळ येऊ नयेत म्हणून हात लांब धरून. ‘शी! खरंच कुणाच्यातरी स्वेटरच्या बाह्या आहेत गं!’ खोली हसली. मेकअपवालीसुद्धा हसली. तिच्याही आईने असंच काहीतरी शिवून दिलेलं असणार, तरी हसली.

बाह्यांतून काही पडलं नाही. आता तरी सोडतील, असं मला वाटलं. पण संशयाला काही मिळालं नाही की तो जात नाही, तो बसतो.

‘इथेच बस,’ मावशी म्हणाली. ‘मिळेपर्यंत नजरेसमोर राहा. बाहेर कुणाला दिलीही असेल.’

कोपऱ्यातल्या प्लास्टिकच्या स्टुलावर मी बसले. नवरीचा मेकअप घामाने जाऊ नये म्हणून त्या थंडीतही खोलीत एसी चालू होता. तो बरोबर माझ्या अंगावर येत होता. बाह्या समोरच्या खुर्चीवर पडल्या होत्या, पण त्या उचलून पायात घालायची माझी हिंमत झाली नाही. विचारायचीसुद्धा झाली नाही. माझीच वस्तू, माझ्याच बापाची, आणि मी ती बघत उघड्या पायांनी बसले. पायांवर काटा आलेला. फ्रॉक ओढून ओढून गुडघे झाकत होते, पण सॅटिन किती ओढणार?

बायका येत होत्या, जात होत्या. येणारी प्रत्येक विचारायची, ‘ही कोण?’ आणि आतली कुणीतरी ओठ न हलवता काहीतरी सांगायची. मग येणारी आपली पर्स काखेत सरकवायची. मी हे सगळं बघत होते. पर्स सरकवायच्या किती पद्धती असतात! एकीने गळ्यातलं चाचपून बघितलं. एकीने तर माझ्याकडे बघून ‘बिचारी’ म्हटलं, आणि तीही पर्स घेऊनच उठली.

नवरी तांदूळ वाहत होती. खाली मान, चिमूट चिमूट. ताटात तांदळाचा ढीग झाला होता. तिने एकदाही वर बघितलं नाही. तिला काही ऐकू आलं नसेल? एवढ्याशा खोलीत? मी अजूनही कधीकधी त्याचा विचार करते.

शेवटी मामा आला. मुहूर्त जवळ आला होता, भटजी माइकवरून घाई करत होते. नवरीची आई पुढे झाली. पूजेतली अन्नपूर्णा मुलीच्या बॅगेत ठेवायची म्हणून तिने ताटातल्या तांदळात हात घातला, चाचपलं आणि मूर्ती बाहेर काढली.

चांदीची.

‘अगंबाई,’ ती म्हणाली. ‘ही तर रुखवतातली! आपली पितळेची कुठंय?’

सगळ्या मामीकडे वळल्या. पूजेची तयारी तिच्याकडे होती. मामीचा चेहरा उतरला. ‘ती ठाण्यालाच राहिली हो वन्सं,’ ती म्हणाली. ‘पिशवीत भरायची राहून गेली. आयत्या वेळी काय करणार, म्हणून मग टेबलावरची ही... मला वाटलं, तुम्ही बघितलं असेल.’

जुनी पितळेची अन्नपूर्णा पूजेला, नवी चांदीची मिरवायला, असं त्यांचं ठरलेलं. पितळेची घरी विसरली. मामीने कुणाला न सांगता चांदीची उचलून ताटात ठेवली, आणि नवरी तिच्यावर तांदूळ वाहत गेली. मूर्ती खाली, तांदूळ वर. ताटातली पितळेचीच आहे, असं सगळे धरून चालले होते. कुणाला बघावंसंसुद्धा वाटलं नाही. माझ्या फ्रॉकखाली मात्र बघावंसं वाटलं.

मामा मोठ्याने हसला. ‘काखेत कळसा नि गावाला वळसा! काय गं तुम्ही बायका!’ आणि सगळी खोली हसली. मोकळं, आनंदाचं हसू. गंगेत घोडं न्हालं होतं. नवरीसुद्धा हसली. मावशी हसता हसता डोळे पुसत होती. त्या हसण्यात मी कुठेच नव्हते. मला चाचपलं, उघडं केलं, बसवून ठेवलं, हे त्या गमतीतून कुणीतरी अलगद वगळून टाकलं होतं. उद्या ही गोष्ट ते घरी सांगतील, वर्षानुवर्षं सांगतील, आणि त्यात एक विसराळू मामी असेल, एक मूर्ती असेल, आणि मी नसेन.

मी मामीकडे बघत होते. तिला दोन्ही माहीत होतं. माझ्या फ्रॉकखाली काय आहे ते, आणि मूर्ती कुठे आहे ते. दोन्ही गोष्टी माहीत असलेलं त्या लॉनवर एकच माणूस होतं, आणि ते दाराशी नारळाचं ताट धरून उभं होतं. नणंदा ओरडतील म्हणून ती गप्प बसली. तिची बोलणी वाचली, माझी लेगिंग उतरली. मावशीचा मला राग आला, पण मामीचं मला भय वाटलं. चहा देणारा हात वेळ आल्यावर ताट धरून उभा राहतो. तेव्हापासून कुणी मला ‘गारठलीयेस’ म्हटलं की मी आधी त्याच्या तोंडाकडे बघते.

मावशी माझ्यापाशी आली. हातात पेढा. ‘घे बेटा, तोंड गोड कर. वाईट वाटून घेऊ नकोस हं. लग्नाच्या गडबडीत होतं असं. आणि चल पटकन, फुलांची टोपली घे. नवरीच्या पुढे फुलं टाकत चालायचंय ना तुम्हाला?’

सकाळी मी आडनाव होते. आता बेटा झाले.

मी पेढा घेतला नाही. म्हटलं, ‘आधी माफी मागा.’

‘काय?’

‘ज्या बायकांसमोर मला चोर म्हटलंत, त्यांच्यासमोर माफी मागा.’

तिचं हसू गेलं. ‘मी तुला चोर म्हटलंच नाही,’ ती म्हणाली. ‘विचार सगळ्यांना. म्हटलं का मी?’

बायकांनी माना हलवल्या. नाही म्हटलं. आणि खरंच, तिने म्हटलं नव्हतं. एकदा म्हण वापरली, तेवढंच. ती प्राध्यापक होती, कुठला शब्द तोंडातून काढायचा नाही हे तिला चांगलं ठाऊक होतं. हाताने सगळं करून झालं होतं, तोंड स्वच्छ होतं.

तेवढ्यात मॅडम आत धावत आल्या. ‘अगं, काय तमाशा लावलायस? चौघी पाहिजेत मला, दोन इकडून, दोन तिकडून. तिघी कशा दिसतील? माझं नाव खराब करू नकोस.’

‘तुमचं नाव?’ मी म्हटलं.

एवढंच म्हटलं. मला त्या खोलीत रडायचं नव्हतं. मी स्टुलावरून उठले. खुर्चीवरच्या बाह्या घेतल्या. भिंतीकडे तोंड न करता, सगळ्यांच्या मधोमध उभी राहून, मीच फ्रॉक वर केला आणि त्या पायात चढवल्या. सावकाश. एक, मग दुसरी. मोजे घातले नाहीत. चॉकलेटी बाह्या फ्रॉकखालून दिसत होत्या, तशा दिसू दिल्या. आता बायकांनी तोंडं फिरवली. मघाशी काढताना डोळे भरून बघितलं, आता घालताना लाज वाटली त्यांना.

‘मी चालले,’ म्हटलं. ‘तुम्ही तिघी नाचवा नाहीतर दोघी.’

सोनलने टोपली खाली ठेवली आणि माझ्या मागून आली. मी तिला बोलावलं नव्हतं. तिला या कामाची माझ्याहून जास्त गरज होती, तरी आली. मांडवात सनई लागली होती. आम्ही रुखवताच्या टेबलासमोरून, गुलाबी फ्रॉक आणि त्याखाली वॉचमनचा स्वेटर अशा, गेटबाहेर पडलो आणि रस्त्यावर रिक्षाची वाट बघत उभ्या राहिलो. फ्रॉक दुसऱ्या दिवशी मॅडमच्या घरी नेऊन दिला. त्यांनी दारातूनच घेतला, आणि उलटसुलट करून बघितला.

घरी सांगायचं नव्हतं. पण आईला चेहऱ्यावरून कळलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि मावशीच्या सात पिढ्या काढल्या. बाबा मात्र त्या बाह्यांची घडी घालत बसले. मला वाटलं, त्यांना फार लागलं असणार. मग मला वेगळंच आठवलं. बाबा सोसायटीच्या गेटवर बसतात. दिवसपाळी असली की दुपारी काम उरकून निघणाऱ्या कामवाल्या बायांच्या पिशव्या बघायचं काम बाबांचं. कमिटीचा नियम आहे.

‘तुम्ही पण बघता ना, बाबा?’ मी विचारलं.

‘मी हात नाही घालत पिशवीत,’ ते म्हणाले. ‘नुसतं दाखव म्हणतो.’

‘दाखव तरी का म्हणता? सोसायटीतल्या बायकांच्या बघता का?’

‘त्या मेंबर आहेत.’ मग म्हणाले, ‘नोकरी आहे गं माझी.’

‘माझी पण होती,’ मी म्हटलं. त्यांनी ते काम सोडलं, असं मी सांगितलं तर ऐकायला बरं वाटेल. पण सोडलं नाही. अजून बघतात. आमच्यात त्यावरून अजून भांडण होतं, आणि मी ते मिटू देत नाही. संशय वरून खाली येतो, आणि शेवटची पायरी आमच्यातल्याच कुणाच्यातरी हातात दिलेली असते. हे कळायला मला त्या स्टुलावर बसावं लागलं.

आता मी आणि सोनल आमचं स्वतःचं काम घेतो. बारा-पंधरा मुली आहेत. कल्याण, डोंबिवली, ठाणे, कुठेही जातो. थंडीतल्या लग्नाला फ्रॉक असेल तर आत काय घालायचं हे मुली ठरवतात. लोकरीचं, जाडजूड, फुगलेलं, दिसलं तर दिसलं. काम ठरवतानाच मी यजमानांना सांगते, मुलींची झडती घ्यायची नाही. लोक हसतात. म्हणतात, ‘अहो, तुमच्यावर विश्वास आहे आमचा!’ मी म्हणते, विश्वास राहू द्या, शब्द द्या.

मागच्या थंडीत डोंबिवलीच्या एका हॉलमध्ये नवरदेवाच्या बहिणीची कुडी हरवली. मुलीकडचा माणूस माझ्यापाशी आला. अगदी गोड आवाजात म्हणाला, ‘ताई, तुमच्या मुलींना जरा आतल्या खोलीत बसवा ना. आमच्या बायका बघून घेतील. दोन मिनिटांचं काम.’

मी दारात उभी राहिले. म्हटलं, ‘बघा ना. पण सगळ्यांचं बघा. आधी तुमची बायको, मग तुमच्या बहिणी, मग आमच्या मुली. आणि बघणार महिला पोलीस. फोन तुम्ही लावताय का मी लावू?’

तो चपापला. ‘अहो, लग्नघर आहे. पोलीस काय?’

‘मग माझ्या मुली काय?’ मी म्हटलं.

कुणाची झडती झाली नाही. कुडी मिळाली की नाही, मला माहीत नाही. मी विचारलं नाही. त्या घरातलं पुढचं लग्न आमच्या हातून गेलं, आणखी दोन-तीन कामं गेली. मी फार अकडू आहे, असं मागून बोलतात म्हणे. बोलू देत.

माझ्या मुली माझ्यावर कधीकधी चिडतात. कामं जातात तर चिडणारच. त्यांना मी एकच सांगते, आणि इथेही सांगून ठेवते. तुम्हाला संशय आहे ना? तोंडाने बोला. नाव घेऊन, चारचौघांत, काय हरवलं आणि कुणी घेतलं ते बोला, आणि खोटं निघालं तर त्याच चारचौघांत निस्तरा. पण यापुढे जो हात आमच्या कपड्याकडे येईल, तो मी मनगटात धरणार आहे. आणि पोलीस येईपर्यंत सोडणार नाही.